हे मी कोणाला लिहितेय?

वाचकांचे प्रश्न : या वेळचा विषय, पडद्यावरचं दुमत

या महिन्याच्या टपालातली निम्म्याहून अधिक पत्रं एकाच दुखण्याची निघाली. कुणाचं ग्रुपवर वाजलं, कुणाचं कमेंटमध्ये, कुणाचं ऑफिसच्या मेलवर. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवले आहेत.

मी बावीस वर्षं या मासिकाचा वाचकांचा पत्रव्यवहार पाहिला. तेव्हा रागावलेला माणूस कागद घ्यायचा, लिहायचा, पाकीट चिकटवायचा, पेटीपर्यंत चालत जायचा. तेवढ्या वाटेत राग थोडा तरी निवायचा. आणि तो ज्याच्यावर रागावला होता त्याच्या आधी ते पत्र माझ्या टेबलावर यायचं. आता ना ती वाट उरली, ना ते टेबल. ते काम ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि ते कसं करावं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

प्रश्न : माझे मामा सत्तरीचे आहेत. घरच्या ग्रुपवर त्यांनी मेसेज टाकला की अमुक रस रोज घेतला की मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतात. मी लगेच लिहिलं, ‘मामा, हे साफ खोटं आहे. असले मेसेज टाकत जाऊ नका,’ आणि खाली माहितीची लिंक दिली. मामा ग्रुप सोडून गेले. आई माझ्याशी धड बोलत नाही. मग काय, डोळ्यांसमोर खोटं चाललेलं बघत बसायचं?

उत्तर : मुळीच नाही. गोळ्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं, तेव्हा तुम्ही बोललात ते योग्यच केलंत. माहितीही बरोबर होती. पण तुमचं वाक्य पुन्हा वाचा. त्याची सुरुवात ‘मामा’ अशी आहे, म्हणजे ते मामांना लिहिलेलं आहे. वाचलं मात्र सगळ्या गोतावळ्यानं. सत्तरीच्या माणसाला त्याच्या भाचीनं सुना-नातवंडांसमोर खोटं ठरवलं. एवढं झाल्यावर लिंक कोण उघडणार? ‘असले’ या एका शब्दानं तर मामांचे आजवरचे सगळे मेसेज एका टोपलीत टाकले.

तुमच्यापुढे खरं तर दोन कामं होती आणि तुम्ही ती एकाच ओळीत उरकायला गेलात. पहिलं काम तातडीचं : ग्रुपमधल्या कुणी गोळ्या बंद करू नयेत. ते ग्रुपवरच व्हायला हवं, पण ते सर्वांना उद्देशून. ‘वरच्या मेसेजबद्दल : मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नका, साखर एकदम वाढू शकते. या मेसेजमध्ये ना डॉक्टरचं नाव आहे, ना तारीख.’ एवढं पुरलं असतं. यात मामांचं नाव नाही, ‘खोटं’ हा शब्दही नाही, आणि तरी सांगायचं काहीच राहिलेलं नाही.

दुसरं काम मामांशी बोलण्याचं, आणि ते फोनवरचं. फोन लागल्यावर आधी त्यांची साखर कशी आहे ते विचारा. मधुमेहाचे मेसेज पुढे पाठवणाऱ्या माणसाला बहुधा मधुमेहाची धास्ती असते. मामांनी तो मेसेज कुणाला फसवायला टाकलेला नाही. त्यांना आशा वाटली आणि ती त्यांनी घरात वाटली. तिथून बोलणं सुरू झालं की मग मेसेजवरच्या दुहेरी बाणाबद्दल सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो दिसला की समजायचं, हा मजकूर लिहिणाऱ्यापासून निदान पाच हातांतून पुढे सरकत आलेला आहे. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. अफवा आवरण्यासाठीच कंपनीनं तो निर्बंध घातला. ‘मामा, तुमचं चुकलं’ यापेक्षा ‘मामा, हा बाण बघा’ हे ऐकून घेणं सोपं जातं.

‘सांगून काही उपयोग नसतो, माणसं उलट जास्त हट्टाला पेटतात,’ असं तुम्हाला कुणी सांगेल. २०१० साली ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफ्लर या अभ्यासकांनी आपल्या प्रयोगात तसं काही प्रसंगी घडताना पाहिलं होतं आणि ती गोष्ट फार गाजली. पण पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांवर माणसांना घेऊन ५२ विषयांवर तेच तपासलं, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. हा अभ्यास २०१९ साली छापून आला. माणसं दुरुस्ती ऐकतात. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण पत्रव्यवहारातला माझा अनुभवही तोच होता.

आता आजच फोन करा. ‘सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. गोळ्यांबद्दल मात्र मी अजूनही तेच म्हणेन.’ ही दोन्ही वाक्यं म्हणा, त्यातलं एक गाळू नका. आणि पहिलं वाक्य ग्रुपवरही लिहा. ते का, हे खालच्या एका उत्तरात येईलच.

प्रश्न : मी गमतीत लिहितो आणि लोक मनाला लावून घेतात. समोर बसून तेच बोललो तर हसतात. मी प्रत्येक विनोदाला ‘हा विनोद आहे’ अशी पाटी लावू का?

उत्तर : अनोळखी माणसांत, हो, लावा.

जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ सालचा एक प्रयोग आहे. काही जणांना गंभीर आणि उपरोधिक अशी दोन्ही तऱ्हेची वाक्यं पाठवायला सांगितली, काहींना मेलनं, काहींना आवाजात. आपला रोख समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, मेलनंसुद्धा. आवाजातून तो ७३ टक्के वेळा कळला. मेलमधून ५६ टक्के. नाणं उडवून सांगितलं तरी ५० टक्के बरोबर येतं, यावरून काय ते समजा. कारण साधं आहे. तुम्ही लिहिता तेव्हा तुमचा स्वतःचा सूर तुमच्या कानात वाजत असतो. तो पडद्यावर उतरलेला नाही, हे तुमच्या लक्षातच येत नाही.

आपल्याच भाषेत पाहा. ‘हो का’ हे दोन शब्द कौतुकानं म्हणता येतात, आश्चर्यानं म्हणता येतात आणि झोंबेल असेही म्हणता येतात. फरक सगळा सुराचा. रोज ‘तुम्ही’ म्हणणाऱ्यानं एकदम ‘आपण’ म्हटलं तर समोरासमोर त्यात लाडिकपणा असू शकतो, लिहिलं की टोमणाच वाचला जातो. ‘बरं’ लिहिलं तर होकार. त्याच्यापुढे पूर्णविराम दिला की अनेक तरुण मंडळी विचारतात, ‘चिडलीस का?’ हे मला माझ्या मुलीनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं आणि मी जन्मभर पूर्णविराम देत आले आहे.

हसऱ्या चेहऱ्याची खूणसुद्धा अशाच घोटाळ्यातून आली. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत पडत्या लिफ्टमधल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, असं एक कोडं चाललं होतं. कुणीतरी गमतीनं लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आणि काहींना ती खरीच सूचना वाटली. तेव्हा १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञांनी सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकत जाऊ. ही मंडळी एकाच विद्यापीठातली होती, एकाच लिफ्टनं ये-जा करणारी. त्यांना पाटी लागली, तर तुम्हाला लागण्यात कमीपणा नाही.

आणि एक. मित्रांना लिहिताना लावू नका. तिथे तुमचा आवाज त्यांच्या कानात आधीपासून आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळेत मुलांकडे मोबाइल असावा का, यावर मी जाहीरपणे चार परिच्छेद लिहिले. खाली चाळीसेक प्रतिक्रिया आल्या, बहुतेक खोट्या नावांनी. निम्म्या माझ्या दिसण्यावर आणि पगारावर होत्या. एक-दोन धमकीच्या सुरातल्या होत्या. मी रात्री दोनपर्यंत एकेकाला उत्तरं देत बसले. पुढे काय करू?

उत्तर : आधी त्या एक-दोन. धमकी हे मत नव्हे, तेव्हा तिला उत्तरही नको. तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, ज्या अ‍ॅपवर हे घडलं त्याच्याकडे तक्रार करा आणि मग खातं ब्लॉक करा. या क्रमानंच करा, कारण आधी ब्लॉक केलं की पुरावा मिळवणं कठीण होतं. धमकी घर, शाळा किंवा शरीर यांच्याबद्दल असेल तर पोलिसांकडे जा. घरातल्या एका माणसाला आजच सांगा. हे एकटीनं सोसायचं काम नाही.

आता उरलेले. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली या वागण्याच्या कारणांची मांडणी केली : नाव झाकलेलं असतं, चेहरा दिसत नाही, टोला हाणून निघून जाता येतं, आणि समोरचा माणूस हळूहळू आपल्या मनातलंच एखादं पात्र होऊन बसतो. हे सगळं ओळखीचं वाटेल. पण त्यांनी असंही नोंदवलं की याच आडोशामुळे माणसं कधी मन मोकळं करतात आणि परक्याला मदतीचा हात देतात. म्हणून खोटं नाव दिसलं की माणूस वाईट, असं धरू नका. नावामागे लपलेल्या एखाद्या पालकानं तुम्हाला खरा प्रश्न विचारलेला असू शकतो.

मला इथे नेहमी चरकसंहिता आठवते. वैद्यकाच्या त्या ग्रंथात, विमानस्थानात, वैद्यांनी आपापसात चर्चा कशी करावी याचं सविस्तर विवेचन आहे. चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत : सलोख्यानं केलेली ती संधाय संभाषा आणि झुंजीची ती विगृह्य संभाषा. झुंजीला उतरण्याआधी प्रतिस्पर्धी तर पारखायचाच, पण सभाही पारखायची. सभा जाणत्यांची आहे की अजाणांची? आणि ती आपल्याशी मैत्रीची आहे, तटस्थ आहे, की आधीच विरोधात ठाण मांडून बसलेली आहे? ठाण मांडून बसलेल्या सभेत, ती जाणत्यांची असली तरीही, कुणाशीच वाद घालू नये, असं तो ग्रंथ स्पष्ट सांगतो.

रात्री दोनपर्यंत तुम्ही त्या चाळीस जणांना लिहीत होतात. तुमची सभा मात्र ते चाळीस जण नव्हेतच. तुमचे चार परिच्छेद वाचून काहीही न लिहिता गेलेली माणसं ही तुमची सभा, आणि ती बहुधा तटस्थ असते. तिच्यासाठी चाळीस उत्तरांची गरज नाही. त्या ढिगातली सर्वांत सकस हरकत शोधा, जिच्यामुळे तुम्हालाही क्षणभर थांबावं लागलं ती. तिला दिवसाउजेडी एक नीट उत्तर द्या. बाकीच्यांकडे बघू नका.

तिखट लिहिलं की जास्त लोकांपर्यंत जातं, हेही खरं आहे. विल्यम ब्रेडी, जे व्हॅन बॅव्हल आणि इतरांनी २०१७ साली ट्विटरवरच्या राजकीय वादांचा अभ्यास केला. नैतिक संतापासारख्या भावनेचा एकेक शब्द वाढला की संदेश पसरण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. पण तो पसरत होता तो मुख्यतः आपल्याच कळपात, पलीकडच्या गटात फार कमी. तुम्हाला पलीकडच्या पालकांशी बोलायचं आहे ना? मग तुमचे ते शांत चार परिच्छेद अगदी बरोबर होते. ते खोडू नका.

प्रश्न : वाद कधी थांबवावा?

उत्तर : समोरच्याला विचारा, ‘तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे?’

न्यायसूत्रं या तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी चालते ती वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथलाच. दोनदा विचारूनही समोरच्यानं स्वतःचं मत सांगितलं नाही, नुसत्या तुमच्या ओळी उचलून खोड्या काढत राहिला, तर निघा. हीच कसोटी स्वतःलाही लावा. मी लावते तेव्हा तीनातल्या एका वेळी मलाच थांबावं लागतं.

आकड्यातच नियम हवा असेल तर विकिपीडियाच्या संपादकांचा घ्या. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवायचे नाहीत, मग बाजू कितीही खरी असो. पुढचं बोलणं चर्चेच्या पानावर.

प्रश्न : मी एका सहकाऱ्याबद्दल चुकीची गोष्ट ऑफिसच्या ग्रुपवर लिहिली. नंतर खरं कळलं, तेव्हा मेसेज काढून टाकला आणि त्याला खासगीत ‘सॉरी’ म्हटलं. तो ‘ठीक आहे’ म्हणाला, पण ठीक नाही हे दिसतंय.

उत्तर : हे उत्तर मला माझ्याच आयुष्यातून द्यावं लागेल.

आमच्या शाळेच्या वर्गाचा एक ग्रुप आहे. आमच्या बाई गेल्या तेव्हा एका मैत्रिणीनं त्यांच्यावर लांबलचक आठवण लिहिली. त्यात बाईंच्या निवृत्तीचं साल चुकलं होतं. मी खाली लिहिलं, ‘साल चुकलंय. प्रकाशित करण्यापूर्वी तपासून घ्यावं.’ माझं बरोबरच होतं. तासाभरात तिनं ती आठवण काढून टाकली. एकाही वर्गमित्राला मग ती वाचायला मिळाली नाही. ती तिनं दोन दिवस बसून लिहिली होती, आजारी आईच्या उशाशी, हे मला नंतर दुसऱ्याकडून समजलं.

मी तिला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, ‘बोललीस सगळ्यांसमोर आणि माफी मात्र कानात.’

तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. त्या ओळी मी तिला लिहिल्याच नव्हत्या. साल तिला कळावं एवढंच हवं असतं तर तिच्या नंबरवर दोन शब्द पाठवले असते. मी ते उरलेल्या वर्गाला लिहिलं होतं, मला साल पाठ आहे हे दिसावं म्हणून. तेव्हापासून बटण दाबण्याआधी मी स्वतःला विचारते : हे मी कोणाला लिहितेय? उत्तर एक येतं आणि वाचणारे दुसरेच असतात, तेव्हा मी ते पाठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की मी त्या आठवणीखाली जे लिहिलं ते लिहायला नको होतं, आणि ती आठवण पुन्हा टाकावी अशी विनंती केली. तिनं टाकली नाही. आमचं बोलणं पुढे सुरू झालं, पण ते व्हायला काही महिने गेले.

तेव्हा, जिथे घाव घातला तिथेच माफी. मेसेज काढून तुम्ही पुरावा काढलात, पण ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनातली गोष्ट तशीच आहे, आणि तुमच्या सहकाऱ्याला रोज त्याच माणसांत बसायचं आहे. ऑफिसच्या ग्रुपवर लिहा : अमुक दिवशी मी यांच्याबद्दल अमुक लिहिलं. ते चूक होतं. खरं असं आहे. मी तपासलं नाही, मला वाईट वाटतं. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शब्द नकोत. त्या ‘तर’नं माफी परत घेतली जाते. ‘पण मला तसं सांगण्यात आलं होतं’ हेही नको. मात्र चूक जशीच्या तशी पुन्हा उगाळल्यानं त्यालाच त्रास होणार असेल, तर लिहिण्याआधी मजकूर त्याला दाखवा. तो म्हणेल तेवढंच लिहा.

शेवटचं पत्र माझ्याशी भांडणारं आहे, म्हणून ते मी आधी माझ्या शब्दांत मांडते. जुन्या वादपद्धतीत याला पूर्वपक्ष म्हणत : समोरच्याचं म्हणणं आधी असं मांडायचं की त्यानं ‘हो, हेच’ म्हणावं.

हे वाचक म्हणतात : तुम्ही गेले कित्येक महिने सौम्य लिहा, सुरात लिहा असं सांगता. पण सौम्य राहणं त्यालाच परवडतं ज्याचं काही बिघडलेलं नाही. ज्याचा वर्षानुवर्षं अपमान झाला तो बोलला की लोक म्हणतात, मुद्दा ठीक आहे पण भाषा बघा. मग चर्चा भाषेवरच होते आणि मुद्दा तसाच पडून राहतो. तुमचा सल्ला अशा लोकांच्या हातात काठी देतो.

हो. हे मला पटलं. पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञ निबंधकारानं २००८ साली असहमतीच्या सात पायऱ्यांची उतरंड मांडली होती. तळाला शिवीगाळ, तिच्यावर व्यक्तीवर हल्ला, आणि लगेच त्यावर, म्हणजे खालून तिसरी, ‘सुरावर बोलणं’. मुद्द्याच्या गाभ्याचं खंडन सर्वांत वर. ही उतरंड मी अनेकांना शिकवली आहे आणि तरी तिसऱ्या पायरीवर किती वेळा उभी राहिले, ते या पत्रानं दाखवलं. एवढं मात्र अजूनही म्हणेन : सौम्यपणाचा माझा सल्ला लिहिणाऱ्यासाठी आहे, त्याला हवा असेल तर. वाचणाऱ्यानं तो दुसऱ्यावर उगारायचा नाही. हा फरक मी आजवर कधी लिहिला नव्हता.

पत्रव्यवहार पाहत असताना एक पत्र आलं होतं. आमच्याच एका गोष्टीत तोतरं बोलणाऱ्या मुलाची थट्टा होती आणि पत्रलेखक स्वतः तोतरे होते. पत्र चार पानी होतं, अक्षर कागदात रुतलेलं, भाषा जहाल. मी ते परत पाठवलं. वर चिठ्ठी लावली, ‘भाषा सौम्य करून पुन्हा पाठवावे, अवश्य छापू.’ ते पुन्हा आलं नाही.

या वाचकांचं पत्र पुढच्या अंकात पूर्ण छापते आहे, एकही शब्द न बदलता.